बेकर घराण्याचा कुलवृत्तांत

गुरुवारी दुपारी काका गेले. मी ऑफिसात होते. काकूंचा फोन आला. त्या "ये" म्हणाल्या. मी गेले.

एवढी नोंद काकांना चालली नसती. त्यांच्या शिस्तीप्रमाणे माणूस कधी गेला याच्या पुढे, जाताना तो काय करत होता हेही लिहावं लागतं. "तारीख काय, दगडावरही कोरतात," ते म्हणायचे. "हातात काय धरून गेला ते सांग." काकांच्या हातात फोन होता. ते पुण्याला फोन लावत होते.

मी त्यांची भाडेकरू. बुकित पंजांगच्या त्यांच्या फ्लॅटमधली मागची खोली मला मिळाली ती मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या जाहिरातीमुळे. "शांत, शाकाहारी, वाचणारी व्यक्ती हवी. आडनाव कळवण्याची आवश्यकता नाही." शेवटच्या वाक्यावर ग्रुपवर बरीच चर्चा झाली होती म्हणे. कुणीतरी विचारलं, "म्हणजे नक्की कुठले लोक चालतील?" काकांनी उत्तर दिलं, "हा प्रश्न न विचारणारे."

खोली पूर्वी त्यांच्या मुलीची होती. छतावर अंधारात चमकणारे तारे चिकटवलेले होते, त्यातले अर्धे गळून पडले होते. मला वाटलं मुलगी अमेरिकेत वगैरे असेल. ती सेरंगूनला राहत होती, ट्रेनने तासाभरावर. हे मला कळायला पहिली दिवाळी उलटावी लागली, कारण त्या घरात मुलीचा विषय निघाला की काका पंख्याचा वेग वाढवत.

काका उंच, किडकिडीत, सत्तरी ओलांडलेले. घरातसुद्धा इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशाला पेन. एका जहाज कंपनीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. सकाळी ते खिडकीशी चहा घेऊन बसत. आमच्या इमारतीला अगदी खेटून एलआरटीची, म्हणजे उंच पुलावरून धावणारी छोटी गाडी जाते. घरं जवळ आली की त्या गाडीच्या काचा आपोआप धुरकट होतात, आतल्या माणसांना कुणाच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. काकांना या सोयीचं अतोनात कौतुक होतं. "बघ," ते रोज म्हणत, "इथली गाडीसुद्धा सभ्य आहे. आपल्या माणसाला अशी काच बसवता आली असती तर? समोरच्यानं नाव सांगितलं की झाली धुरकट."

आपला माणूस म्हणजे गणपतीच्या आरतीनंतर भेटणारा. त्याची पद्धत काका हुबेहूब करून दाखवत. "नमस्कार, आपण? अच्छा, जोशी. कुठले जोशी? नाही, म्हणजे मूळचे? अच्छा, तिकडचे. म्हणजे आपल्यातलेच." हे "आपल्यातलेच" म्हणताना ते प्रसादाचा द्रोण हातात असल्यासारखी मान कलती करत. परदेशात येऊन माणसं सगळं सोडतात, ते म्हणत, थंडीचे कपडे सोडतात, वरणात चिंच घालायची सोडतात, पण आडनावाची चौकशी विमानात केबिन बॅगेतून आणतात.

त्यांचं स्वतःचं काम मात्र आडनावाचंच होतं. ते बेकर घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत होते. मराठीत.

कुलवृत्तांत म्हणजे एका आडनावाच्या सगळ्यांचं पुस्तक. आधी मूळपुरुष, मूळ गाव, कुलदैवत, गोत्र. मग शाखा, पोटशाखा, आणि त्यात कोण कुठल्या बँकेतून निवृत्त झालं. काकांच्या घराण्याचाही होता, लाल कापडी बांधणीचा, उशी म्हणून वापरता येईल इतका जाड. तो कपाटावर, सुटकेसखाली असे. टेबलावर असत ते बेकर. आखीव फुलस्केप कागद, डाव्या कोपऱ्यात दोऱ्याने बांधलेले.

"कुठले बेकर?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

काकांनी चष्मा काढला. "वाचणारी म्हणून तुला घेतली. तूसुद्धा?"

मग त्यांनी समजावलं. त्यांचा कंपनीतला पहिला साहेब बेकर होता. "आडनाव विचारलं की तो सांगायचा, आणि विषय तिथेच संपायचा. मला वाटलं, वा. असं एक घराणं हाताळून बघावं." शिवाय त्यांचा एक सिद्धांत होता. थोर माणसं निवडून इतिहास लिहिला की सगळे थोरच निघतात, त्यात काय मजा? एक साधं, गल्लोगल्ली सापडणारं आडनाव निवडा आणि त्या आडनावाची जी माणसं कुठेतरी, कशासाठी तरी नोंदली गेली ती सगळी घ्या. मग खरा इतिहास हाती लागतो. "थोर असणं हे बेकर असण्याइतकंच अपघाती असतं," ते म्हणत.

आणि ते सगळ्यांना घेत. करवसुलीला वैतागून स्वतःच्याच चर्चमध्ये कडी लावून बसलेला धर्मगुरू बेकर. ब्रह्मदेशात फुलपाखरं पकडताना वाट चुकून थेट सयाममध्ये निघालेला बेकर. पुरुषाच्या वेषात तोफखान्यात नोकरी केलेली एक बेकरबाई. पहिल्याच उड्डाणात उमरावाच्या तळ्यात उतरलेला फुगेवाला बेकर. एका बेकराने गणितातला एक सिद्धांत मांडला होता आणि दुसऱ्या बेकराने तो चुकीचा ठरवला होता. त्या दोघांची ओळखदेख नव्हती, पण काकांनी समासात लिहिलं होतं, "भाऊबंदकीचा आद्य पुरावा." मूळपुरुषाच्या रकान्यात होतं, "ज्याने पहिली भट्टी पेटवली तो." मूळ गाव: इंग्लंड, बहुधा. कुलाचार: हवामानाविषयी बोलणे. कुलदैवत: चौकशी चालू.

चौकशी खरंच चालू होती. काका जगभरच्या बेकरांना ई-मेल पाठवत आणि त्यात अत्यंत अदबीने त्यांचं गोत्र विचारत. बहुतेकांची उत्तरं येत नसत. कॅनडातल्या एका बेकरबाईंनी मात्र लिहिलं की पुन्हा संपर्क साधलात तर पोलिसांत कळवेन. काकांनी तेही नोंदलं. "कॅनडा शाखा: स्वभाव संशयी."

रात्रीच्या जेवणाला त्या दिवशीचा बेकर वाचून दाखवला जाई. प्रत्येक नोंदीच्या शेवटी तो मरत असल्यामुळे काकू वाढताना विचारत, "आज कुठला गेला?"

"रेल्वेचा. पूल तपासायला गेला होता."

"मग?"

"पूल चांगला निघाला. छत्री घ्यायला परत गेला, तेव्हा गाडी आली."

"भात घ्या," काकू म्हणत.

एक गोष्ट माझ्या लवकर लक्षात आली. काकांच्या बेकरांत मुली संपत नसत. आपल्या कुलवृत्तांतात मुलीच्या नावापुढे जावयाचं नाव येतं आणि पूर्णविराम पडतो. तिची मुलं दुसऱ्या कुणाच्या तरी पुस्तकात. काकांनी बेकरांच्या मुली, त्यांचे नवरे, त्यांची मुलं, नातवंडं, सगळी घेतली होती. एक बेकरकन्या लोहाराशी लग्न करून वेल्समध्ये गेली, तर त्या लोहाराच्या खेचराचंसुद्धा नाव त्यात होतं.

"काका, हे शास्त्रात बसतं का?" मी विचारलं.

"बेकरांत कुणाला गाळायचं नाही," ते म्हणाले आणि पंख्याचा वेग वाढवायला उठले.

काकू दर शनिवारी सकाळी डबा घेऊन बाहेर पडत. मेट्रोची डाउनटाउन लाइन सुरू झाल्यावर त्यांचं बरंच सोपं झालं होतं. लिटिल इंडियाला उतरायचं, मेथी, कढीपत्ता घ्यायचा, गाडी बदलायची, सेरंगून. एकदा त्यांची पाठ धरली म्हणून डबा उचलायला मीही सोबत गेले. दार उघडलं ते काकांसारख्याच उंच, किडकिडीत बाईने. तिच्या मागे दोन मुलं होती. "अज्जी, पुरणपोळी गॉट ऑर नॉट?" धाकटा म्हणाला. बुटांच्या फळीवर टॅन असं आडनाव होतं.

परत येताना ट्रेनमध्ये काकूंनी सांगितलं, भाजी निवडावी तसं, मान खाली घालून. मुलीचं, म्हणजे ताईचं, लग्न ठरलं त्याच सुमारास पुण्याहून कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी माहिती मागवणारं पत्र आलं होतं. संपादक काकांचे चुलतभाऊ, वयाने थोरले, घरात त्यांना दादा म्हणतात. काकांनी माहिती पाठवली आणि मुलीच्या नावापुढे लिहिलं, "अविवाहित".

"लग्नाला विरोध नव्हता यांचा," काकू म्हणाल्या. "हॉलमध्ये पुढे होऊन सगळ्यांशी हात मिळवले. जावई आवडतो यांना. पण दादांना टॅन लिहून पाठवायचं झालं आणि यांचा हात थांबला. म्हणाले, आत्ता एवढंच राहू दे, पुढच्या आवृत्तीत बघू."

"मग?"

"कुलवृत्तांताची पुढची आवृत्ती कधी येते? यांच्या आजोबांच्या वेळी एक निघाली होती, नंतर ही."

पुस्तक छापून आलं तेव्हा ताई माहेरी आली होती, थोरला मांडीवर. ती इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी वाचते, पण बोट ठेवून. तिने स्वतःचं नाव शोधलं, पुढच्या शब्दावर बोट ठेवलं, एकेक अक्षर जुळवलं. मग पुस्तक मिटून मुलाला बूट घातले. त्यानंतर ती बुकित पंजांगला आली नव्हती. सासरी तिने यातलं काही सांगितलं नाही. बापाची लाज बापाने सांभाळावी, एवढंच आईला म्हणाली.

काकांनी बेकर सुरू केले ते त्याच वर्षी.

मुलगी येत नसली तरी व्याही येत. मिस्टर टॅन. बुटके, गोल, हार्डवेअरच्या दुकानातून निवृत्त झालेले, कायम पोलो शर्ट आणि चपला. चिनी नववर्षात ते सेरंगूनहून एकटे येत, दोन संत्री दोन्ही हातांनी काकांना देत, काका फ्रिजमधली दोन संत्री त्यांना देत. मग काकू चकल्या आणत. "मुरुक्कू, व्हेरी गुड," मिस्टर टॅन म्हणत. "चकली," काकू म्हणत. "या, चकली मुरुक्कू."

हे सगळं गोड होतं, पण मिस्टर टॅन कुलसंघाचे कार्यकर्ते होते. इथे चिनी आडनावांचे संघ असतात. एका आडनावाचे सगळे एका घरातले असं मानून चालणारे, शिष्यवृत्त्या देणारे, भिंतीवर पूर्वज टांगणारे. त्यांच्याही घराण्याचं पुस्तक होतं. ते त्यांनी एका वर्षी पिशवीतून आणलं आणि आपल्या मुलाचं पान उघडून दाखवलं. मुलाच्या शेजारी ताईचं नाव चिनी अक्षरांत होतं, त्याखाली नातवंडं. आणि बारीक अक्षरांत तिच्या वडिलांचं, म्हणजे काकांचंही.

"नाऊ युअर बुक," मिस्टर टॅन म्हणाले. "आय सी माय सन."

काका म्हणाले, पुस्तक अजून तयार होतंय. दुसऱ्या वर्षी म्हणाले, तयार होतंय. तिसऱ्या वर्षी मी त्या घरात होते. मिस्टर टॅन खुर्चीत बसले आणि त्यांची नजर टेबलावरच्या फुलस्केप गठ्ठ्यावर गेली.

"दिस वन? स्टिल नॉट फिनिश आ?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "ऑलमोस्ट."

"वेअर माय सन?"

काका उठले. मला वाटलं पंख्याकडे जातील. ते टेबलाशी गेले, गठ्ठ्याच्या मध्यावर एक पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मिस्टर टॅन वाकून बघत राहिले. देवनागरी त्यांना कशी वाचता येणार? त्यांनी त्या ओळीवरून अलगद बोट फिरवलं, मग फोन काढून फोटो घेतला. "नाइस रायटिंग," म्हणाले, आणि चकल्यांची पिशवी घेऊन गेले. ते गेल्यावर मी पान पाहिलं.

तो फोटो त्यांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर ताई होती.

पुढच्या रविवारी बेल वाजली. दारात ताई. चपला काढायच्या आधीच तिने फोन पुढे धरला आणि बोट ठेवून वाचलं. "मेंढी... चोरल्याबद्दल... सात वर्षं... हद्दपार. ऑस्ट्रेलियात... दुसरी मेंढी... चोरताना... निधन." मग बापाकडे पाहिलं. "बाबा, खऱ्या पुस्तकात मी अनमॅरिड. खोट्या पुस्तकात माझा नवरा मेंढीचोर."

काका पंख्याच्या बटणाकडे वळले.

"त्याला आता सगळं सांगितलं. तो म्हणतो, अ‍ॅटलीस्ट प्रमोशन आहे. आधी तो नव्हताच."

काकू स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होत्या की रडत होत्या, मला अजून सांगता येणार नाही. ताई हसत नव्हती.

"माझे सासरे ते फ्रेम करणार आहेत," ती म्हणाली. "हॉलमध्ये लावायला. तुम्ही त्यांना सांगा. मी नाही सांगणार."

"कधी सांगू?"

"फ्रेमवाला बुधवारी देणार आहे."

काका मंगळवारी सेरंगूनला गेले. सोबत मला नेलं, कारण गठ्ठा जड होता, असं ते म्हणाले. गठ्ठा मी एका हाताने उचलला होता. मिस्टर टॅन इमारतीखालच्या दगडी टेबलाशी बसले होते. काकांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लाल पुस्तक, तो शब्द, तो स्वतः आपण लिहिला हेही. कुठेही "गैरसमज" किंवा "तांत्रिक चूक" म्हणाले नाहीत. मी हिशेब तपासणीस आहे, माणसं चूक कबूल करताना किती आडवाटा घेतात हे रोज बघते. काकांनी एकही घेतली नाही.

मिस्टर टॅननी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी गठ्ठ्याकडे हनुवटी केली. "सो दिस फेला हू?"

"बेकर."

"युअर फॅमिली?"

"नो."

"ऑल दिस पीपल, ऑल बेकर?"

"ऑल."

मिस्टर टॅननी पानं चाळली. मग काकांना बसायची खूण केली. "सेम सरनेम," ते म्हणाले. "देन फॅमिली, लाह." काकांचं काम ज्याला एका वाक्यात पटलं असा तो पहिला आणि शेवटचा माणूस. थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, ते म्हणाले, "माय सन. यू पुट बॅक. कॅन ऑर नॉट?"

"कॅन," काका म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी दादांना फोन लावला, आमच्या सगळ्यांसमोर, स्पीकरवर. दादांचा आवाज खणखणीत.

"अरे, पण आता छापून झालंय. दुरुस्ती म्हणजे पुरवणी काढावी लागेल. एकट्यासाठी कशी काढणार? पुरेशा दुरुस्त्या जमू देत, मग बघू."

"लिहून तरी घ्या, दादा."

"सांग. जावयाचं आडनाव?"

"टॅन."

"टॅन. बरं. गोत्र?"

"गोत्र नाही. मूळ गाव आहे, फुकियन प्रांतात. मूळपुरुषाचं नाव आहे. तिथून आत्तापर्यंत सगळ्या पिढ्या आहेत. वाचू?"

"किती आहेत?"

काकांनी सांगितलं. पुण्याकडून काही वेळ फक्त पंख्याचा आवाज आला. आपला मूळपुरुष पेशवाईच्या अलीकडचा, आणि तोही जरा ओढूनताणून आणलेला, हे दादांइतकं कुणाला ठाऊक होतं.

"थोडक्यात पाठव," दादा म्हणाले.

बेकर त्या दिवशी थांबले. फुगेवाल्याच्या पुतण्याची नोंद अर्धी राहिली. काकांनी आता "पुरेशा दुरुस्त्या" जमवायला घेतल्या. त्यांनी लाल पुस्तक खाली काढलं आणि जगभरच्या कुलबंधूंना फोन सुरू केले. "तुमच्याकडे कुणी गाळलंय का?" असं थेट विचारत. पहिल्यांदा सगळे नाही म्हणत. मग दुसऱ्या दिवशी त्यांचेच फोन येत, बहुधा घरातल्या बाईचे, हळू आवाजात. एक घटस्फोटित आत्या होती, तिला पुस्तकात कुमारिका केलं होतं. नागपूरचा एक मुलगा बौद्ध भिक्षू झाला होता, त्याच्यापुढे "स्वतंत्र व्यवसाय" लिहिलं होतं. एका दत्तकाला खऱ्या आईबापांसह उडवलं होतं. केनियातली एक अख्खी शाखा नव्हती, कारण तिच्या मूळपुरुषाची बायको तिथली होती.

"बघ," काका मला म्हणाले, "आमच्यातही बेकर निघाले."

ताई आता शनिवारी येई. डबा तीच नेई. ती काकांवरचा राग विसरली असं मला कधी वाटलं नाही. ती आली की पहिला प्रश्न असे, "निघाली का पुरवणी?" काका म्हणत, "जमतायत." ती म्हणे, "हं." मग नातवंडं टेबलावर चढत आणि काका त्यांना मेंढीचोराची गोष्ट सांगत. थोरल्याला तो आपला पूर्वज वाटायचा. "माय डॅड्स साइड," असं त्याने शाळेत सांगितलं होतं.

दादा दर फोनला म्हणत, अजून थोड्या जमू देत. किती, हे ते सांगत नसत. काका दर गुरुवारी विचारत. त्या गुरुवारीही विचारायला फोन लावला होता. पलीकडे रिंग वाजत होती, काकू म्हणाल्या.

स्मशानात बरीच मराठी माणसं आली होती. मंडळातल्या एका गृहस्थांनी माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "काका मूळचे कुठले हो?" मला ठाऊक होतं, पण मी बोलले नाही. शेजारी मिस्टर टॅन उभे होते. प्रश्नाचा सूर त्यांना कळला असावा. त्यांनी गावाचं नाव सांगितलं, तालुका सांगितला, मूळपुरुषाचं नाव सांगितलं, तो कोणत्या खाडीच्या काठी राहत होता तेही. चिनी उच्चारात, पण बिनचूक. गृहस्थ म्हणाले, "अच्छा." पुढचं "आपल्यातलेच" त्यांना म्हणता आलं नाही.

काकूंनी फ्लॅट विकला आणि त्या ताईकडे राहायला गेल्या. खोली सोडताना मी छतावरचे उरलेले तारे तसेच ठेवले. बेकरांचा गठ्ठा कुणी घ्यायचा हा प्रश्न निघाला, तेव्हा मिस्टर टॅन म्हणाले, घराण्याचं पुस्तक घराण्यांच्या कपाटात असावं. त्यांनी तो आपल्या कुलसंघाच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात ठेवला, खाली चिनीत चिठ्ठी लावून. काकूंनी विचारल्यावर त्यांनी तिचा अर्थ सांगितला, "नातेवाईक."

दुरुस्त्यांची पानं माझ्याकडे आहेत. दर गुरुवारी मी दादांना फोन करते. पुरवणी अजून निघालेली नाही.